फॉरमॅटर कधी चालवायचा: सेव्ह करताना, कमिट करताना की सगळ्या कोडवर एकदम?

प्रश्न: टिळकवाडीत आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही पाच जण उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी बिलिंग, चलन आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. मागचा भाग पायथन-जँगोमध्ये आहे, पुढचा जावास्क्रिप्टमध्ये. टीम मी सांभाळते. गेल्या महिन्यात खानापूरहून येणाऱ्या नव्या मुलानं बिलाच्या राउंडिंगची दुरुस्ती केली. त्याच्या एडिटरमध्ये सेव्ह केलं की फाइल आपोआप फॉरमॅट व्हायची, म्हणजे कोडच्या मोकळ्या जागा आणि ओळी ठरावीक पद्धतीनं लागायच्या, आणि सेटिंग त्याचं स्वतःचं होतं. बदल चार ओळींचा, डिफ, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक, नऊशे ओळींचा. मी वरवर बघून पास केला. त्यात एक कंडिशन उलटी पडली होती आणि एका गिऱ्हाइकाची बिलं चुकली. निपाणीहून घरून काम करणारे आमचे सीनियर सर तेव्हापासून एकच म्हणतात, "चाललंय ते चालू दे की, जुन्या कोडला कशाला हात लावूलालीस?" त्यांची स्वतःची एक मोठी ब्रांच, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळी काढलेली कामाची प्रत, तीन आठवड्यांपासून उघडी आहे. पुण्यातला सहकारी म्हणतो, सर्व्हरवर बॉट बसवू, तोच फॉरमॅट करून कमिट करेल, म्हणजे बदल नोंदवून टाकेल. मुलगा त्या दिवसापासून गप्प असतो. ताई, फॉरमॅटिंग नेमकं कधी चालवायचं? आणि जुना कोड एकदम करायचा की हळूहळू?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: नमस्कार.

आधी त्या मुलाबद्दल बोलते. पत्रात त्याच्यावर शेवटी एकच ओळ आहे, पण मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटली. उलटी कंडिशन कुणाच्याही हातून लिहिली जाते, ती पकडायलाच रिव्ह्यू असतो. नऊशे ओळींत दडलेली ती एक ओळ तुम्हालाच काय, कुणालाही दिसली नसती. टीमनं एक सेटिंग ठरवून रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, ठेवलेलंच नव्हतं, मग नव्या माणसानं स्वतःचं वापरलं यात त्याचा दोष तो किती? हे तुम्ही स्वतः, सगळ्यांच्या देखत त्याला सांगा. फॉरमॅटरचं ठरायला आठ-पंधरा दिवस लागले तरी चालतील, हे मात्र उद्या सकाळीच बोला.

आता मूळ मुद्दा. कोडचं रूप बदलणारा बदल आणि कोडचा अर्थ बदलणारा बदल कधीही एका कमिटमध्ये येता कामा नये. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं. तुमचे गिऱ्हाईक फाउंड्रीवाले आहेत, त्यामुळे हे तुमच्या नजरेखालचं आहे: साच्यातून काढलेलं कास्टिंग तसंच तपासणीला जात नाही. वाळू झाडतात, शॉट ब्लास्टिंग करतात, कडा घासतात आणि मगच ते इन्स्पेक्शनच्या टेबलावर येतं, कारण वाळूखालची चीर कुणाला दिसायची नाही. कोडचंही साफसूफ वाचणाऱ्यापर्यंत पोचायच्या आत झालेलं हवं, आणि ते झालं हे त्याला वेगळं कळलं पाहिजे.

पुढे जाण्याआधी एक तपासून बघा. चार ओळी बदलल्या आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी झाली, तर पुष्कळदा फॉरमॅटरचा त्यात काही संबंध नसतो. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्स आणि मॅकवर एकच. कुणाच्या एडिटरनं ती बदलली की गिटच्या, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या, लेखी प्रत्येक ओळ बदललेली. डिफ बघताना मोकळ्या जागेतले फरक दुर्लक्षित करायचा पर्याय गिटमध्ये आहे आणि गिटहबच्या पानावरही आहे. तो लावून ती जुनी कमिट पुन्हा उघडा. नऊशेच्या दहा-वीस ओळी झाल्या, तर रोग ओळींच्या शेवटाचा किंवा इंडेंटचा आहे. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एक ओळ लिहून सगळ्यांसाठी ओळीचा शेवट एकच ठरवता येतो. प्रिटियर या जावास्क्रिप्टच्या फॉरमॅटरनंसुद्धा २०२० साली आलेल्या २.० आवृत्तीपासून लिनक्सच्या पद्धतीचा शेवट हाच आपला नेहमीचा नियम केला आहे. टीममध्ये काही जण विंडोजवर आणि काही जण मॅकवर असतील, तर हे काम फॉरमॅटरच्या आधीचं.

तर सेव्ह, कमिट की सर्व्हर? माझं उत्तर: तिन्ही ठिकाणी. मात्र प्रत्येक ठिकाणचं काम वेगळं ठेवा.

सेव्हला चालणारं फॉरमॅटिंग ही लिहिणाऱ्याची सोय. ज्याला आवडतं त्यानं चालू ठेवावं, सक्ती नको. अट इतकीच, की नियम रेपोमधल्या फाइलमधून यावेत, कुणाच्या लॅपटॉपमधून नव्हे. जावास्क्रिप्टला प्रिटियरची कॉन्फिग फाइल, पायथनला ब्लॅक या फॉरमॅटरचे नियम पायप्रोजेक्ट फाइलमध्ये. व्हीएस कोडच्या प्रिटियर एक्स्टेन्शनमध्ये 'कॉन्फिग फाइल असेल तरच फॉरमॅट कर' असं सेटिंग आहे, ते सगळ्यांनी लावावं. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टमध्ये फाइल उघडली तरी तिथल्या कोडला आपला हात लागत नाही. आणि तुमचा जुना कोड साफ होईपर्यंत सेव्हचं फॉरमॅटिंग सगळ्यांनी बंदच ठेवा. अगदीच हवं असेल तर व्हीएस कोडमध्ये फक्त बदललेल्या ओळी फॉरमॅट करायचा प्रकार आहे, तोवर तो वापरा.

कमिटच्या आधी चालणारा हुक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, ही टीमची सवय. पायथनवाल्यांकडे प्री-कमिट नावाचं साधन आहे, जावास्क्रिप्टवाले हस्की आणि लिंट-स्टेज्ड वापरतात. यात एक खाच आहे. समजा, एका फाइलमधले निम्मे बदलच तुम्ही कमिटसाठी निवडले. घरी लिहिलेला हुक फाइल फॉरमॅट करतो आणि अख्खी फाइल पुन्हा स्टेज करतो, म्हणजे कमिटसाठी निवडतो. झालं, मागे ठेवलेला अर्धवट कोडही कमिटमध्ये गेला. लिंट-स्टेज्ड न निवडलेले बदल बाजूला ठेवून काम करतं, म्हणून स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा तयार साधन घ्या. हुक फक्त स्टेज केलेल्या फाइलींवर चालवा. प्रत्येक कमिटला अर्धा मिनिट थांबावं लागलं की लोक हुक टाळायला शिकतात, आणि तो टाळायचा पर्याय गिटमध्येच दिलेला आहे. शिवाय रेपो क्लोन केल्यावर हुक आपोआप येत नाहीत, प्रत्येकानं एकदा बसवावे लागतात. तेव्हा नुसत्या हुकच्या भरवशावर राहू नका.

सर्व्हरनं फक्त तपासावं. प्रिटियर आणि ब्लॅक दोन्हींत फाइल न बदलता 'सगळं नीट आहे का' एवढंच सांगणारा पर्याय आहे. तो सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, टाका. नीट नसेल तर लाल, आणि लाल असेल तर मर्ज नाही, म्हणजे तो कोड मुख्य ब्रांचमध्ये मिसळायचा नाही.

बॉटची कल्पना मला पटत नाही. पुण्याच्या सहकाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण काय होतं ते बघा. मुलगा कोड पुश करतो, म्हणजे सर्व्हरवर पाठवतो. बॉट त्यावर आपली कमिट चढवतो. मुलाच्या लॅपटॉपवरची ब्रांच आता मागे पडली, याची त्याला खबर नाही. तो पुढचं काम करून पुश करायला जातो आणि गिट नकार देतं. नव्या माणसाला इथे फोर्स पुश करायचा, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून आपलं लादायचा, मोह होतो, आणि तिथून पुढे खरी नासधूस सुरू होते. शिवाय टेस्ट चालल्या एका कमिटवर आणि मर्ज होणार दुसरी. बॉटच्या कमिटवर टेस्ट पुन्हा चालतात की नाही, हे प्रत्येक ठिकाणच्या व्यवस्थेवर अवलंबून. बाहेरून अनोळखी माणसं कोड पाठवतात अशा मोठ्या मुक्त प्रकल्पांत बॉटला जागा आहे, कारण तिथे प्रत्येकाला हुक बसवायला सांगता येत नाही. तुम्ही पाच जण आहात, फोनवर बोलून होतं. ज्याचा कोड त्यानंच फॉरमॅट करून पाठवावा.

आता जुन्या कोडचं. हळूहळू करायचं, म्हणजे ज्या फाइलला हात लागेल ती फॉरमॅट करायची, हे ऐकायला सोपं वाटतं. पण गेल्या महिन्यात तुमच्याकडे झालं ते हेच होतं. या मार्गानं गेलात तर पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक लहान दुरुस्तीबरोबर मोठा गोंगाट येईल, आणि ज्या फाइलींना कुणी हात लावत नाही त्या तशाच राहतील. माझं मत स्पष्ट आहे: एका दिवशी, एका कमिटमध्ये, सगळं. शेकडो माणसांच्या प्रकल्पात एकेक फोल्डर घ्यावं लागतं, पण तिथेही फोल्डरची कमिट वेगळीच असते.

तुम्ही ज्या जँगोवर काम करता, त्याच प्रकल्पाचं उदाहरण घ्या. ब्लॅक वापरायचं त्यांनी २०१९ मध्येच ठरवलं होतं, पण ब्लॅक तेव्हा बीटा अवस्थेत होतं, म्हणून ते थांबले. जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि फेब्रुवारीत त्यांनी सगळा कोड एकदम फॉरमॅट केला. निर्णय आणि अंमल यांत जवळजवळ तीन वर्षं गेली. हत्यार स्थिर नसताना सगळ्या कोडवरून फिरवलं, तर पुढच्या आवृत्तीला पुन्हा फिरवावं लागेल, हे त्यांना माहीत होतं. तुम्हाला एवढं थांबायचं कारण नाही, दोन्ही हत्यारं आता स्थिर आहेत. पण नेमकी आवृत्ती कॉन्फिगमध्ये पक्की लिहा. २०२३ च्या ३.० मध्ये प्रिटियरनं यादीच्या शेवटच्या स्वल्पविरामाचा नेहमीचा नियम बदलला. ज्यांनी आवृत्ती पक्की केली नव्हती, त्यांच्याकडे एकाच्या मशीनवर स्वल्पविराम येई आणि दुसऱ्याच्या मशीनवर जाई. ब्लॅक आपल्या स्थिर शैलीत वर्षातून एकदाच, जानेवारीच्या आवृत्तीत बदल करतं. आवृत्ती वाढवायची तेव्हा ती वाढवणं आणि त्यामुळे होणारं फॉरमॅटिंग हेही वेगळ्या कमिटमध्ये, बाकी कामाशिवाय.

निपाणीच्या सरांच्या आक्षेपाला उत्तर इथे द्यावं लागेल, आणि ते आदरानं द्या, कारण त्यांच्या बोलण्यात दोन खऱ्या भीती आहेत. पहिली, चालता कोड बिघडेल. दुसरी, कुठली ओळ कुणी का लिहिली हा इतिहास पुसला जाईल.

पहिलीचं उत्तर असं. ब्लॅक फॉरमॅट करण्याआधीचा आणि नंतरचा कोड वाक्यरचनेच्या झाडाच्या रूपात ताडून बघतं आणि अर्थ बदलला असेल तर फाइल लिहायला नकार देतं. ही तपासणी मुळातच चालू असते, तुम्ही ती बंद करू नका. जावास्क्रिप्टसाठी फॉरमॅटच्या आधी आणि नंतर एकेकदा प्रॉडक्शन बिल्ड काढा आणि लहान केलेल्या फाइली ताडून पहा. फाइल लहान करणारा मिनिफायर मोकळ्या जागा काढूनच टाकतो, त्यामुळे त्या सहसा जुळतात. नाही जुळल्या तर फरक मोजका असतो, डोळ्यांनी वाचता येतो. आणि ही मोठी कमिट ओळ न् ओळ वाचायला कुणाला बसवू नका, त्यातून थकव्याशिवाय काही हाती लागत नाही. रिव्ह्यू करणाऱ्यानं आधीची कमिट घ्यावी, तोच आदेश आपल्या मशीनवर चालवावा आणि निकाल तंतोतंत तोच येतो का बघावं. हे काम सरांनाच द्या. स्वतःच्या मशीनवर स्वतः ताडून पाहिलेलं ते मानतील.

दुसरीचं उत्तर गिटनंच दिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीपासून गिट ब्लेमला, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या आदेशाला, काही कमिट वगळायला सांगता येतं. रेपोच्या मुळाशी टिंबानं सुरू होणारी 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज' नावाची फाइल करायची आणि तिच्यात त्या मोठ्या कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे तिची ओळखखूण, लिहायचा. मग ब्लेम त्या कमिटच्या पलीकडे बघतं आणि ओळ मुळात कुणी लिहिली ते दाखवतं. गिटहब या नावाची फाइल आपोआप वाचतं, लॅपटॉपवर मात्र प्रत्येकानं एकदा गिटच्या कॉन्फिगमध्ये ती सांगावी लागते. एक जपा. तुमच्याकडे स्क्वॉश करून, म्हणजे अनेक कमिटची एकच करून, मर्ज करत असतील, तर मर्ज होताना हॅश बदलतो. तेव्हा मोठी कमिट मुख्य ब्रांचवर पोचल्यानंतरचा हॅश घ्या आणि तो पुढच्या कमिटमध्ये लिहा.

सरांच्या तीन आठवड्यांच्या ब्रांचचं काय? ती आधी मर्ज होऊ शकली तर उत्तम. नसेल, तर क्रम पाळा. सगळ्यात आधी मुख्य ब्रांचवर फक्त कॉन्फिग फाइली टाका, त्यांची कमिट वेगळी. मग फॉरमॅटिंगची मोठी कमिट. सरांनी आपल्या ब्रांचमध्ये मोठ्या कमिटच्या *बरोबर आधीची* कमिट मर्ज करून घ्यायची आणि जे खरे कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन्हीकडे झालेले वेगळे बदल, असतील ते सोडवायचे. मग तोच फॉरमॅटर, त्याच आवृत्तीचा, आपल्या ब्रांचवर चालवून कमिट करायची. त्यानंतर मोठी कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीनं मर्ज करायची. म्हणजे ती कमिट पोचल्याची नोंद होते, पण मजकूर सरांच्या ब्रांचमधलाच राहतो, आणि तो फॉरमॅट झालेलाच आहे. पुढचं मर्ज नेहमीसारखं. इथे गफलत होते ती एकाच नावामुळे: छोट्या एसनं दिली जाते ती स्ट्रॅटेजी, मोठ्या एक्सनं दिला जातो तो नुसता कॉन्फ्लिक्टपुरता पर्याय. हवी आहे ती एसवाली. आणि हे सगळं तेव्हाच बिनधोक, जेव्हा मोठ्या कमिटमध्ये फॉरमॅटिंगशिवाय एक अक्षरही नसेल. कुणी 'जाता जाता' एखादी दुरुस्ती तिच्यात घातली असेल, तर ती सरांच्या ब्रांचवर नाहीशी होईल आणि मर्जनंतर मुख्य ब्रांचवरूनही जाईल. तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे जुनी आवृत्ती चालू असेल आणि तिची वेगळी ब्रांच जिवंत ठेवली असेल, तर तीही त्याच दिवशी फॉरमॅट करा. नाहीतर नव्यातली दुरुस्ती जुन्यात नेताना दर वेळी भांडण होईल.

काही फाइली फॉरमॅटरपासून लांब ठेवायच्या असतात. बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या आणि यंत्रानं तयार केलेल्या फाइली तर आल्याच. तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी टेम्पलेटची आहे. प्रिटियरला जँगोच्या टेम्पलेटची भाषा कळत नाही. ते त्यांना साधं एचटीएमएल समजतं आणि टॅगच्या ओळी मोडून टाकू शकतं. फाउंड्रीचं चलन अजून डॉट मॅट्रिक्सवर, छापील कागदावर निघत असेल, तर तिथे दोन रिकाम्या जागा इकडच्या तिकडे झाल्या की वजनाचा आकडा दराच्या रकान्यात जाऊन बसतो. टेम्पलेटचं फोल्डर प्रिटियरच्या इग्नोर फाइलमध्ये पहिल्या दिवशीच टाका. हातानं रांगेत लावलेले कर-दराचे तक्ते जसेच्या तसे ठेवायचे असतील, तर ब्लॅकला आणि प्रिटियरला तेवढा भाग सोडायला सांगणारी कॉमेंट लिहिता येते, पण ती जपून वापरा. बिलावरचा कन्नड आणि मराठी मजकूर मात्र निर्धास्त राहू दे. अवतरण चिन्हांच्या आतला मजकूर ही साधनं बदलत नाहीत, फार तर एकेरी अवतरणाचं दुहेरी करतील.

नियम ठरवायला बैठक घ्याल तेव्हा ती लांबू देऊ नका. दोन स्पेस की चार, ओळ किती लांब, यावर पाच माणसं सहज एक संध्याकाळ घालवतात आणि शेवटी कुणी तरी मनात राग धरून उठतं. ब्लॅकची ओळ ८८ अक्षरांची, प्रिटियरची ८०. दोन्हींचे मूळ नियम जसे आहेत तसे घ्या. गो भाषेनं तर आपला फॉरमॅटर भाषेबरोबरच दिला आणि त्याला निवडीचे पर्याय जवळजवळ ठेवलेच नाहीत. ती शैली सगळ्यांना आवडते असं नाही, पण त्यावरून वाद घालायला जागाच उरत नाही. रिव्ह्यूमध्ये माणसानं माणसाला स्पेसवरून बोलायची वेळ येऊ नये. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलाच्या कोडवर पहिल्या सहा कॉमेंट इंडेंटच्या असतील, तर सातवी, राउंडिंगची, तो वाचेपर्यंत त्याचं मन उडालेलं असतं. इंडेंटचं यंत्राला सांगू द्या. रिव्ह्यूमध्ये पैसे, वजन, कर आणि गिऱ्हाइकाला काय दिसणार, एवढंच बोलावं.

दिवस कुठला? तुमच्या गिऱ्हाइकांचा जीएसटीचा महिना ध्यानात घ्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि ३बी साठी २० तारीख असते. त्या आधीच्या चार-पाच दिवसांत फाउंड्रीतून फोन येतात, घाईच्या दुरुस्त्या निघतात, आणि तेव्हा मुख्य ब्रांच हलवणं धोक्याचं. २० नंतरचा आठवडा बरा. गणपतीच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असतं म्हणून तेव्हा उरकून टाकू, असंही वाटेल. तसं करू नका. लोक अर्धवट ब्रांच घेऊन गावी गेलेले असतात आणि परत येतात ते थेट कॉन्फ्लिक्टमध्ये. सुट्टीच्या आधी सगळ्यांनी हातातलं मर्ज करावं आणि परतल्यावर पहिल्या सकाळी, नवी ब्रांच काढायच्या आत, सगळे हजर असताना फॉरमॅटर चालवावा. त्याच दिवशी सीआयची तपासणी चालू करा, हुक बसवा, आणि मग सेव्हचं फॉरमॅटिंग ज्याला हवं त्याला मोकळं.

नेमकी तारीख मात्र सरांना ठरवू द्या, कारण सगळ्यांत मोठी ब्रांच त्यांची अडकलेली आहे. त्यांना फोनवर सांगत बसण्यापेक्षा एक दिवस निपाणीला जा किंवा त्यांना बेळगावला बोलवा, आणि त्यांच्या ब्रांचची एक प्रत काढून वरचा मर्जचा क्रम त्या प्रतीवर एकदा दोघांनी मिळून करून बघा. प्रतीवर नीट झालं की मूळ ब्रांचवर तोच क्रम ते स्वतः करतील.